अकरा वर्षांचं पोर म्हणतं मला मुलगी म्हण, सासूबाई म्हणतात सौंदत्तीला न्या. काय करू?

इचलकरंजीची_आई
९ जून २०२४

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबणार आहे, सांभाळून घ्या. माझं पोर अकरा वर्षांचं आहे, आता सहावीत जाईल. जन्माने मुलगा. पण बोलायला लागल्यापासून ते स्वतःबद्दल मी आले, मी जेवले, मी पडले असंच बोलतं. घरात मोठ्या जावेच्या दोघी मुली आहेत, त्यांच्यात वाढलंय म्हणून असेल असं आम्ही धरून चाललो, सगळे हसायचे, दुरुस्त करायचे. मग ते बाहेर गेलं की आलो गेलो म्हणायला शिकलं आणि उंबऱ्याच्या आत आलं की परत आले गेले. गेल्या दिवाळीत फराळाचं करताना माझ्याजवळ बसून सरळ म्हणालं, आई मी मुलगीच आहे, तू तरी मला मुलगी म्हण. मी तेव्हा काही बोलले नाही, नुसतं जवळ घेतलं. तेव्हापासून ते रोज माझ्या तोंडाकडे बघतं.

आता अडचणी सांगते. शाळा १५ तारखेला उघडतेय. निकालाच्या दिवशी हेडसरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की केस कापूनच पाठवा, नाहीतर वर्गात घेणार नाही. केस मानेपर्यंत आलेत आणि कात्री दिसली की पोर थरथरतं. दुसरं म्हणजे शाळेत ते लघवीला जातच नाही. मुलांच्या बाथरूममध्ये वरच्या वर्गातली मुलं चड्डी ओढतात म्हणे. म्हणून पाणीच पीत नाही, सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी तशीच भरलेली घरी येते. मार्चमध्ये जळजळ होऊन तापच आला.

तिसरं, सासूबाई. मानेजवळ केसांचा गुंता झालाय, त्या म्हणतात ही जट आहे, यल्लमानं धरलंय, सौंदत्तीला नेऊन देवीला सोडलं नाही तर घरावर येईल. त्या वाईट नाहीत हो, पोरावर जीव आहे त्यांचा, रात्री त्यांच्याच कुशीत झोपतं.

आणि मिस्टर. यंत्रमागावर दोन पाळ्या करतात, घरी आले की पोराशी एक शब्द नाही. त्यांच्या मित्रानं एका डॉक्टरचं नाव सांगितलं, तिथं गेलो तर ते म्हणाले हार्मोनची इंजेक्शनं देऊ, पुरुषी होईल, कोर्स आहे, पैसे आधी भरा. मिस्टर तयार झालेत. मला झोप नाही. मला एवढंच सांगा, आत्ता या आठवड्यात मी काय करू आणि काय करू नको?


कृष्णाकाठ
९ जून २०२४

ताई राग मानू नका पण हे सगळं मोबाईल आणि बायकांत वाढल्यामुळे. निवासी सैनिकी शाळेत टाका, चार मुलांत मिसळेल, मैदानावर घाम गाळेल, दोन वर्षांत सगळं लाईनवर येईल. आमच्या भावकीत एकाला असंच टाकलं होतं.


बालरोग_सांगली
९ जून २०२४

मी बालरोगतज्ज्ञ आहे, सांगली भागात प्रॅक्टिस करतो. आधी इंजेक्शनबद्दल बोलतो कारण तेच सगळ्यात तातडीचं आहे. ते घेऊ नका. पैसे भरले असतील तरी घेऊ नका. टेस्टोस्टेरॉननं, म्हणजे त्या पुरुषी हार्मोननं, पोराला आतून स्वतःबद्दल जे वाटतं ते बदलत नाही. ज्या मुलांना वयात यायला फार उशीर होतोय त्यांना आम्ही ते कधीकधी देतो, पण चौदाच्या पुढे, रक्ततपासणी आणि हाडांचा एक्सरे करून, थोडे दिवस. अकराव्या वर्षी विनाकारण दिलं तर हाडांची वाढ वेळेआधी थांबते आणि उंची कायमची खुंटू शकते. आवाज एकदा फुटला की परत पहिल्यासारखा होत नाही, म्हणजे ज्या पोराला आपला आवाज पुरुषी होईल याचीच भीती आहे त्याला आपणच ते विकत घेऊन द्यायचं. शिवाय असं कुणाला जबरदस्तीनं बदलायचा उपचार करणं याला कन्व्हर्जन थेरपी म्हणतात, २०२१ मध्ये मद्रास हायकोर्टानं त्यावर कडक आदेश दिले आणि २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशननं सगळ्या राज्यांच्या मेडिकल कौन्सिलना कळवलंय की हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन आहे. तुमच्या मिस्टरांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

आता हे काय आहे. जन्मानं धरलेलं लिंग एक आणि आतून वाटणारं वेगळं, याला ट्रान्सजेंडर असणं म्हणतात. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं आयसीडी ११ या आजारांच्या नव्या वर्गीकरणात हे मानसिक आजारांच्या यादीतून काढलंय, २०१९ ला ते मंजूर झालं आणि जानेवारी २०२२ पासून लागू आहे. मुलगा बाहुलीशी खेळला किंवा एकदा ओढणी घेऊन नाचला म्हणजे ट्रान्सजेंडर असं कुणी म्हणत नाही, अनेक मुलं तसं करतात आणि सोडून देतात, काही सोडत नाहीत तरी मुलगेच असतात. बघायचं ते हे की बरीच वर्षं, सतत, स्वतःहून, आणि स्वतःच्या शरीराबद्दल त्रास होतोय का. तुम्ही जे लिहिलंय ते बऱ्याच वर्षांचं आहे म्हणून ते गंभीरपणे घ्यायला हवं. पण पुढे काय होईल हे आज कुणीही डॉक्टर खात्रीनं सांगू शकत नाही, मीही नाही. काहींचं वयात येताना बदलतं, काहींचं उलट आणखी पक्कं होतं.

म्हणून या वयात औषध नाही आणि ऑपरेशन तर नाहीच, तो विषय अठराच्या आधी येत नाही. वयात येणं थोपवून धरणाऱ्या औषधांबद्दल नेटवर वाचाल, त्यावर परदेशात मोठा वाद चालू आहे, इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं, एनएचएसनं, याच मार्चमध्ये ती सरसकट देणं बंद केलंय. तुम्ही त्यात आत्ता पडू नका. कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथं दाखवा, आणि जाताना सांगायचं की याला बदलायला आणलेलं नाही, याला त्रास कमी कसा होईल ते बघायला आणलंय. एवढं एक वाक्य बोललात तरी समोरचा डॉक्टर कसा आहे ते कळेल. लघवीची तपासणी मात्र उद्याच करा.

आणि एक लक्ष ठेवायचं. पोर जेवणं सोडतंय, स्वतःला ओरबाडतंय, स्वतःच्या लघवीच्या जागेला इजा करायचा प्रयत्न करतंय, मरायचं बोलतंय, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी हालचाल करायची. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं.

@कृष्णाकाठ, रागानं नाही म्हणत, पण ज्या पोराची दिवसा शाळेत चड्डी ओढतात त्याला रात्रीसुद्धा तशाच मुलांच्या खोलीत ठेवायचं का? तुमच्या भावकीतला मुलगा आज कसा आहे, कुणाशी मोकळेपणानं बोलतो का, हे जरा विचारून बघा.


शिवार_बीड
९ जून २०२४

आमच्या माजलगावचे पोलीस ललित साळवे माहीत असतील ना. बाईपोलीस म्हणून भरती झाले होते, लिंगबदलाच्या ऑपरेशनला सरकारनं आधी परवानगी नाकारली, मग मिळाली, २०१८ ला मुंबईत सेंट जॉर्जला ऑपरेशन झालं, नोकरी टिकली, लग्न झालं, यंदा जानेवारीत बापसुद्धा झाले. गावानं मिरवणूक काढावी तसं कौतुक केलं. तेव्हा धीर सोडू नका ताई.


बालरोग_सांगली
९ जून २०२४

उदाहरण चांगलं आहे, पण एक स्पष्ट करतो, नाहीतर ताईंचा गोंधळ होईल. साळवेंच्या तपासणीत सहसा पुरुषांत असतं ते वाय गुणसूत्र निघालं होतं, म्हणजे शरीराची घडणच जन्मापासून वेगळी होती. ताईंच्या पोराचं तसं असेलच असं नाही. बहुतेक ट्रान्सजेंडर मुलांच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल येतात. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे म्हणतात बघा, काही नाही, नाटक करतंय, आणि तिथून मारहाण सुरू होते. हे मी स्वतः ओपीडीत बघितलंय.


परडी
१० जून २०२४

ताई मी स्वतः जोगती हाय, यल्लमाला सोडलेली, मिरजेकडची. फोनवर टाईप करतेय, चुकलं तर समजून घ्या. तुमचं वाचून रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

मला नवव्या वर्षी जट आली म्हणून आजीनं सौंदत्तीला नेलं आणि गळ्यात दर्शन बांधलं, लाल पांढरे मणी. खरं सांगते, त्या दिवशी मला वाईट वाटलं नाही. लुगडं नेसवलं, परडी हातात दिली, बायका पाया पडल्या, कुणी ए बायल्या म्हणून हाक मारली नाही, असा तो माझ्या आयुष्यातला पहिला दिवस होता. देवीनं मला जागा दिली ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि यल्लमाआईच्या विरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. पण त्याच्या बदल्यात काय गेलं ते ऐका. शाळा गेली. मास्तरांनीच सांगितलं आता हिला कशाला पाठवताय. मंगळवार शुक्रवार जोगवा मागायचा, यात्रेला देवीचा जग, म्हणजे तिच्या मूर्तीची टोपली, डोक्यावर घेऊन चालायचं, लग्नाकार्यात नाचायचं आणि नाचताना कुणी कुठं हात घातला तर ओरडायची सोय नाही, कारण म्हणतात तू देवाची, तुझं कोण हाय. माझी सख्खी बहीण बारावी झाली, अंगणवाडीत लागली, दर महिन्याला तिचं मानधन येतं. मी आजही कुणी टाकलेल्या नाण्यावर जगते. बुद्धी आमच्या दोघींची सारखीच होती, गणितात तर मी तिच्या पुढं होते.

सासूबाईंना माझं नाव सांगा. म्हणावं एक जोगतीच सांगतेय, देवी लेकरू मागत नाही. भक्ती करायची तर घरात परडी भरा, नैवेद्य करा, पोराला हात जोडू द्या, त्याला आवडत असेल तर चौंडकं वाजवायला शिकवा. पण मणी बांधू नका. मणी बांधले की त्यानं मोठं झाल्यावर काय व्हायचं ते आपण आत्ताच ठरवून टाकलं. उद्या त्याला नर्स व्हायचं असलं, तलाठी व्हायचं असलं, तर?

आणि ती जट नव्हं ओ ताई, तो गुंता हाय. कात्रीच्या भीतीनं पोर मानेला कुणाला हात लावू देत नसणार, म्हणून विंचरायचं राहिलं. खोबरेल कोमट करून भरपूर चोळा, रात्रभर ठेवा, मग मोठ्या दातऱ्याच्या फणीनं शेवटाकडनं वर वर सोडवत जा, मुळापासनं ओढू नका. लई घट्ट असला तर तेवढाच गुंता आतनं अलगद कापा, पण पोराला आधी दाखवून, एवढंच कापणार म्हणून. आणि जमलं तर तेल सासूबाईंनाच लावू द्या. एकदा त्यांच्या हातानं सुटला की त्यांना कळंल देवीचा काही कोप नाही.

तुम्ही त्याला जवळ घेतलं म्हणून लिहिलंय. माझ्या आईनं घेतलं असतं तर मी घर सोडलं नसतं.


निवृत्त_बाई
१० जून २०२४

वरच्या ताईंनी जे लिहिलंय त्यानंतर माझं लिहिणं कोरडं वाटेल, पण शाळेचं कुणीतरी सांगायला हवं. मी मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाले, जिल्हा परिषदेत आणि नंतर संस्थेच्या शाळेत, दोन्हीकडे काम केलंय.

हेडसर वर्गात घेणार नाही म्हणतात ते त्यांना करता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १६, आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी. केस कापले नाहीत म्हणून बाहेर उभं करणं हे त्यातच येतं. २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्यातही शाळांनी भेदभाव करायचा नाही असं आहे. पण हे सगळं पहिल्याच भेटीत टेबलावर आपटू नका. आमच्या शिक्षकांना या विषयाचं काही म्हणजे काही शिकवलेलं नसतं. २०२१ मध्ये एनसीईआरटीनं शिक्षकांसाठी चांगली पुस्तिका काढली होती, लगेच गदारोळ झाला आणि ती वेबसाईटवरून काढूनही टाकली. तुमच्या सरांना बहुतेक भीती आहे की एकाला सूट दिली तर सगळे मागतील. त्यांना सुटायला वाट द्या.

सगळ्यात आधी पोराला विचारा, शाळेत कुणाला काय सांगायचं. ते बाहेर आलो गेलो आणि घरात आले गेले बोलतं ना, म्हणजे कुठं सुरक्षित आहे ते त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. त्याची तयारी नसेल तर ट्रान्सजेंडर हा शब्द शाळेत काढूच नका. स्टाफरूममध्ये एकदा गोष्ट गेली की ती गावभर होते, हे मी चाळीस माणसांच्या स्टाफमध्ये राहून सांगते.

बाथरूमसाठी अर्ज करा. डॉक्टरांची चिठ्ठी जोडा की लघवीचा संसर्ग झालेला आहे, वेळच्या वेळी जाणं आणि पाणी पिणं गरजेचं आहे, त्यामुळे शिक्षकांचं किंवा दिव्यांग मुलांसाठीचं स्वच्छतागृह वापरू द्यावं. यात एकही शब्द खोटा नाही आणि पोराची खाजगी गोष्टही उघड होत नाही. केसांबद्दल त्याच अर्जात लिहा की केस स्वच्छ, विंचरून, बांधून पाठवू. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि सही घ्या, पोच घेतल्याशिवाय ऑफिसमधून उठायचं नाही. तोंडी बोलणं दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नसतं.

चड्डी ओढणं ही चेष्टा नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा मुलगा मुलगी बघत नाही, अठराच्या आतल्या प्रत्येक मुलासाठी आहे. मी लगेच पोलिसात जा असं म्हणत नाही, ती ओढणारी पण लेकरंच आहेत, पण शाळेनं थांबवलंच पाहिजे. २०२२ च्या शासन निर्णयानं प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी, तिच्या सदस्यांची नावं मागा. कुठे ऐकलंच नाही तर मुलांच्या मदतीची हेल्पलाइन, १०९८.


कोथरूडचा_बाबा
११ जून २०२४

मी तुमच्या मिस्टरांबद्दल लिहितो, कारण मी त्या खुर्चीत बसलोय. माझा मुलगा जन्मानं मुलगी होता, आता वीसचा आहे, इंजिनिअरिंगला आहे. बायको सगळ्या डॉक्टरांकडे जायची, वाचायची, रडायची, आणि मी गप्प. घरात सगळ्यांना वाटायचं याला काही पडलेलं नाही. मला पडलेलं होतं, पण माझ्या डोक्यात एकच रीळ फिरत होती, हे पोर सिग्नलला टाळ्या वाजवत उभं राहील. ट्रान्सजेंडर म्हटलं की मी तेवढंच बघितलेलं होतं. गप्प बसणारे बरेच बाप तिरस्कारानं गप्प नसतात, घाबरून गप्प असतात. तुमचे मिस्टर इंजेक्शनला तयार झाले ते पण बहुतेक त्याच भीतीनं, कुणीतरी पैसे घेऊन का होईना पण हे मिटवतो म्हणाला म्हणून.

त्यांना त्यांचं मत विचारू नका, काम सांगा. सीपीआरला नंबर लावायला त्यांनाच पाठवा. शाळेची नवी बॅग आणायला पोराला त्यांच्याबरोबर एकटं पाठवा आणि रंग पोराला निवडू द्या, त्यांना आधीच सांगून ठेवा की कुठलाही रंग निवडला तरी दुकानात काही बोलायचं नाही. माझं आणि माझ्या मुलाचं बोलणं असंच कुठल्यातरी गाडीवरच्या फेरीत सुरू झालं, समोरासमोर बसून कधीच जमलं नसतं.

अशा आईवडलांचा एक ग्रुप आहे, स्वीकार, द रेनबो पेरेंट्स, २०१७ ला मुंबईत सुरू झाला, त्यात देशभरातले पालक आहेत. आमच्यासारखेच, कुणी बँकेत, कुणी शिक्षक, कुणी गृहिणी. पुण्यात समपथिक ट्रस्टनं या विषयावर बरीच वर्षं काम केलंय. मिस्टरांना कुठल्या संस्थेत जायचं नसेल तर माझ्याशी फोनवर बोलू दे, पर्सनल मेसेज करा, नंबर देतो. मी त्यांना लेक्चर देणार नाही, मागाचं कसं चाललंय तेच आधी विचारीन.

अजून एक, सासूबाई नातेवाईकांना बोलतील आणि कुणीतरी म्हणेल तृतीयपंथीयांना कळलं तर ते पोराला उचलून नेतील. ही भीती फार जणांना असते. २०१९ च्या कायद्यात सरळ लिहिलंय, ट्रान्सजेंडर आहे म्हणून कुठल्याही मुलाला आईवडलांपासून वेगळं करता येणार नाही, कोर्टाचा आदेश असल्याशिवाय. उलट पोराला घरातून जायला भाग पाडणं हा गुन्हा आहे. आणि २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात, ज्यात आपल्या ट्रान्सजेंडर कार्यकर्त्या गौरी सावंत पण अर्जदार होत्या, माणसानं स्वतःची ओळख स्वतः सांगायची हा हक्क मान्य केलाय. तुमच्या पोराला ते सांगायला अजून भरपूर वेळ आहे. तोवर त्याला घर आणि शाळा दोन्ही टिकवून द्यायचं, बाकी सगळं नंतर.


कृष्णाकाठ
११ जून २०२४

डॉक्टर तुम्ही विचारलंत म्हणून त्याच्या मोठ्या भावाला फोन केला. तो मुलगा शाळा संपल्यावर घरी आलाच नाही, हैदराबादकडे असतो म्हणे, घरी फोन नाही. मला हे माहीत नव्हतं. ताई, शाळेत तुमच्याबरोबर कुणी पुरुष माणूस लागला तर सांगा, मी जयसिंगपूरला असतो, येतो.


इचलकरंजीची_आई
१२ जून २०२४

सगळ्यांचे कसे आभार मानू. रात्री मिस्टरांना डॉक्टरांचं इंजेक्शनचं वाचून दाखवलं, उंचीचं ऐकल्यावर त्यांनी फोन हातातून घेतला आणि स्वतः परत वाचलं. कोर्स नाही करायचा म्हणाले. बाकी काही बोलले नाहीत, पण कोथरूडच्या दादांचा नंबर मागून घेतलाय, मी मेसेज करते.

परडीताई, तुमचं लिहिलेलं सासूबाईंना जसंच्या तसं वाचून दाखवलं. बराच वेळ बोलल्या नाहीत, मग विचारलं ती जोगती कुठली, तिला एकदा घरी जेवायला बोलव. तेल त्यांनीच लावलं. अर्धा गुंता सुटला, अर्धा उद्या. सौंदत्तीचं अजून सोडलेलं नाही त्यांनी, पण या पौर्णिमेला नको म्हणाल्या.

पोराला विचारलं शाळेत काय सांगायचं. म्हणालं शाळेत कुणाला काही सांगू नको, मी तिथं आलो गेलोच म्हणेन, फक्त केस कापू नको आणि बाथरूमचं कर. घरी मात्र मी त्याला, तिला, काल पहिल्यांदा ये गं म्हणून हाक मारली. जीभ अडखळली पण मारली.

उद्या अर्ज घेऊन जातेय. बाई, एकच विचारायचं होतं, अर्जावर वडलांची सही लागेल का? ते द्यायला तयार होतील असं वाटतं पण पाळी सोडून शाळेत यायला जमणार नाही.


निवृत्त_बाई
१२ जून २०२४

एका पालकाची सही पुरते, तुमची चालेल. त्यांनी घरी सही करून दिली तर उत्तमच, दोघांची दिसली की ऑफिसवाले कमी फाटे फोडतात. मिस्टर येणार नसतील तर कृष्णाकाठ म्हणतायत तसं कुणाला तरी बरोबर न्या, एकटी जाऊ नका, आणि साडेदहाच्या आत जा, नंतर सर मीटिंगला निघतात. अर्जाचा मसुदा मला पर्सनलवर पाठवा, आज रात्री बघून देते.